कोकणातून आलेली लाल माती, ८५ ग्रॅम वेट आणि काकांच्या गाडीची थरथर

आमच्या पुण्यातल्या सोसायटीतले काका, वय ६८, बँकेतून रिटायर्ड, गाडीवर भयंकर जीव. गाडी २०१९ ची हॅचबॅक, टॉप मॉडेल, म्हणून १६ इंची डायमंड कट अलॉय चाकं (समोरून कातून चकचकीत केलेली अॅल्युमिनियमची), टायर १९५/५५ साइजचे. २०२४ च्या ऑक्टोबरमधे एका शनिवारी संध्याकाळी मी पार्किंगमधे माझी गाडी पुसत होतो तर काका येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "तू हे सगळं शौक म्हणून करतोस ना, मग माझी चाकं जरा बघ, नवीन असताना कशी चमकायची, आता मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखी दिसतात."

मी वाकून बघितलं. काकांचं म्हणणं खरं होतं. चाकाचा जो मशीन केलेला चकचकीत भाग असतो तो धुरकट पांढरा झालेला, नटांवरचं क्रोम सोलपटल्यासारखं, आणि टायर चक्क चहाच्या रंगाचा. मी म्हटलं करू उद्या, तीन-चार तासांचं काम आहे. मग निघता निघता काका सहज बोलले की तसंही गाडी आता गॅरेजलाच टाकायची आहे, ८५-९० च्या स्पीडला स्टिअरिंग थरथरतं, लोअर आर्म आणि बुश, म्हणजे सस्पेन्शनचे भाग, बदलावे लागतील असं टायरवाला म्हणालाय, सात-आठ हजार. तिथे मी थांबलो आणि म्हटलं काका, पहिल्यापासून सांगा.

तर झालं होतं असं. २०२४ चे गणपती ७ सप्टेंबरला होते. काका-काकू दोन दिवस आधी गावी गेले, गाव गुहागरच्या बाजूला, जायचा रस्ता कऱ्हाड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण. पुढचा शेवटचा दोन-अडीच किलोमीटर रस्ता कच्चा, जांभ्याचा, आणि सप्टेंबरमधे पाऊस असला की तो रस्ता नसून लाल चिखलाचा ओढाच असतो हे ज्यांचं गाव तिकडं आहे त्यांना सांगायला नको. गाडी अंगणात कडेला लावली ती गौरी-गणपतीचं विसर्जन होईपर्यंत हललीच नाही. सहा-सात दिवस एकाच जागी. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

परत येताना घाट चढेपर्यंत काही जाणवलं नाही, वेगच नव्हता. साताऱ्यापुढे हायवेला लागल्यावर हात हलायला लागले, खंबाटकीचा बोगदा ओलांडून शिरवळकडे सरळ रस्ता लागतो तिथे काका म्हणाले की चहाचा ग्लास हातात धरल्यासारखं स्टिअरिंग धरलं होतं. ७० च्या खाली शांत, ८५ ला सुरू, १०० च्या पुढे परत थोडं कमी.

पुण्यात आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडी एका वॉशिंग सेंटरला. तिथल्या पोरानं बिनलेबलच्या बाटलीतून चाकांवर काहीतरी फवारलं, त्याचा वास आला, फेस आला, दहा मिनिटात चाकं बाहेरून चकाचक. काका खूश. तिसऱ्या दिवशी टायरच्या दुकानात. त्यांनी अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं), चारही चाकांचं बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडून सारखं व्हावं म्हणून रिमला छोटी वजनं, म्हणजे वेट, लावतात ते) आणि वर टायरमधे नायट्रोजन असं सगळं पॅकेज मारलं. आणि थरथर गेली! तीन आठवडे गाडी झकास. मग एक दिवस कात्रजजवळ एका खड्ड्यात चाक जोरात आपटलं आणि त्यानंतर थरथर पुन्हा चालू, यावेळी पहिल्यापेक्षा थोडी वेगळी पण चालू. परत दुकानात गेले तर अलाइनमेंट ओके आहे, बॅलन्सिंग आत्ताच केलंय, म्हणजे सस्पेन्शन. तिथून सात-आठ हजारांचा आकडा.

आता अलाइनमेंटचं एक सांगून टाकतो कारण यावर लोकांचे फुकट पैसे जातात. अलाइनमेंट बिघडली तर गाडी एका बाजूला ओढते, टायर एका कडेनं जास्त घासला जातो, स्टिअरिंग सरळ रस्त्यावर वाकडं राहतं. ठरावीक स्पीडलाच सुरू होणारी थरथर हा सहसा तिचा प्रकार नाही, तो बहुतेक वेळा बॅलन्सचा, नाहीतर वाकलेल्या रिमचा नाहीतर खराब टायरचा असतो. आणि हातात थरथर जाणवली तर आधी पुढची चाकं बघायची, सीटखाली जाणवली तर मागची. हा काही शंभर टक्के नियम नाही पण सुरुवात कुठून करायची ते कळतं.

त्यामुळे माझं ठरलं की चाकं नुसती लागल्या जागी धुवायची नाहीत, उतरवूनच धुवायची.

रविवार सकाळ

गाडी रात्रभर उभी होती त्यामुळे ब्रेकच्या डिस्क गार. हे मुद्दाम. नुकत्याच चालवून आणलेल्या गाडीच्या तापलेल्या चाकावर केमिकल मारलं की ते तिथंच वाळतं आणि डाग पाडतं, शिवाय गरम डिस्कवर एकदम गार पाणी मारणं डिस्कलाही चांगलं नाही. गाडी सावलीत, हँडब्रेक ओढून, मागच्या चाकाला दोन्हीकडून दगड. नट गाडी जमिनीवर असतानाच अर्धा आटा सैल करून घेतले, मग जॅक, मग खाली स्टँड. ज्यांच्याकडे स्टँड नाही त्यांनी काढलेलं चाक तरी गाडीखाली आडवं सरकवून ठेवावं, जॅक सटकला तर गाडी चाकावर बसेल, माणसावर नाही. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली हात घालणाऱ्या लोकांना बघून माझ्या पोटात गोळा येतो.

डावं पुढचं चाक सुटता सुटेना. अलॉयचा मधला भोक आणि हबचं, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागाचं, लोखंड यांच्यात गंज धरून ते चिकटून बसतात, पावसाळ्यात आणि खाऱ्या हवेत जास्तच. टायरवर आतल्या बाजूनं दोन-तीन वेळा हातोड्याच्या रबरी तोंडानं ठोकलं तेव्हा निघालं. चाक पालथं करून आतली बाजू वर केली आणि काका म्हणाले, "अरे हे काय!"

रिमच्या आतल्या पिंपासारख्या भागात, एका बाजूला, वाळलेल्या लाल मातीचा थर बसलेला, तळहाताएवढा लांबरुंद. आणि त्या थराला लागून एक रिकामी जागा, जिथून एक ढेपसा सरळ तुटून पडलाय, कडा अगदी ताज्या भाकरीचा तुकडा मोडल्यासारख्या. त्याच्या बरोब्बर समोर, पलीकडच्या बाजूला, चिकटवायच्या वेटच्या दोन पट्ट्या. मोजल्या. ८५ ग्रॅम.

एवढ्यात सगळं उलगडलं. चिखलातून गाडी गेली तेव्हा चाकांच्या आत पातळ चिखल उडाला, तो तेव्हा सगळीकडे सारखाच असणार. मग गाडी सहा-सात दिवस उभी राहिली. पातळ चिखल ओघळून चाकाच्या सगळ्यात खालच्या भागात साचला आणि तिथंच वाळला. जांभ्याची माती चिकट, वाळली की खापरासारखी होते. गाडी दुसऱ्या दिवशी लगेच चालवली असती तर त्यातला बराचसा चिखल ओला असतानाच फेकला गेला असता. उभी राहिली म्हणून एका बाजूला वजन बसलं.

१६ इंची रिमला हा टायर घातला की एकूण व्यास साधारण ६२ सेंमी. ९० च्या स्पीडला म्हणजे सेकंदाला २५ मीटर, चाक सेकंदाला जवळजवळ १३ फेरे घेतं. रिमच्या आतल्या बाजूला ५० ग्रॅम जास्त असेल तर त्या वेगाला ते चाकाला सुमारे सहा किलोच्या जोरानं बाहेर ओढतं, आणि तेसुद्धा सेकंदाला १३ वेळा फिरत फिरत, एकदा वर, एकदा खाली. स्टिअरिंग थरथरणार नाही तर काय होईल. स्पीड अर्धा केला की हा जोर पाव होतो, म्हणून गावात फिरताना काही कळत नाही.

आणि टायरच्या दुकानातल्या पोरानं काय केलं तर चाक मशीनवर चढवलं, मशीन म्हणालं इथे वेट लाव, त्यानं लावलं. आत माती दिसत असणारच, चाक त्याच्या हातात होतं. पण पाच मिनिटात चार गाड्या करायच्या असतील तर माती कोण काढतो. मशीनवर आकडा शून्य आला, पावती फाडली. वेट अगदी बरोबर लावलं होतं हो, फक्त ते मातीला बॅलन्स करायला लावलं होतं आणि कात्रजच्या खड्ड्यात अर्धी माती गळून पडली. आता थरथर त्या वेटचीच होती.

काकांना हे पटायला वेळ लागला. ते तीनदा म्हणाले, "म्हणजे मी पैसे देऊन थरथर विकत घेतली?" मी काही बोललो नाही, उलथणं घेऊन माती खरवडायला बसलो.

उलथणं लाकडी, जुनं. लोखंडी पातं लावायचं नाही, रिमच्या आतल्या रंगावर ओरखडा गेला की तिथून पुढे गंजायला सुरुवात. थर सुका असतानाच मोठे तुकडे काढले आणि एका कागदावर जमवले, मग घरून किचनचा वजनकाटा आणला (बायको गॅलरीतून बघत होती, वर गेल्यावर काय ऐकलं ते इथे लिहीत नाही). ६४ ग्रॅम. म्हणजे पडून गेलेला ढेपसा धरला तर सुरुवातीला शंभराच्या वर असणार. उजव्या पुढच्या चाकात २२ ग्रॅम निघाली. मागच्या दोन्हीत नुसती धूळमाती, वजन करण्याएवढी नाही.

आता धुण्याचं

आमच्या सोसायटीत नळी लावून गाडी धुवायला बंदी आहे, पाणी टँकरचं. त्यामुळे दोन बादल्या, एक शाम्पूची आणि एक नुसत्या पाण्याची, शिवाय दोन लिटरचा हातपंपाचा फवारा. फवाऱ्यानं माती भिजवायची, पाच मिनिटं सोडायची, मग मऊ ब्रश. माती पूर्ण निघेपर्यंत दुसरं कुठलंच केमिकल नाही, कारण मातीचे कण असताना घासलं की ते सॅंडपेपरचंच काम करतात, आणि महागडं केमिकल मातीतच जिरून जातं.

माती गेल्यावर खाली जे दिसलं ते काळं, खरबरीत, नख फिरवलं तर बारीक वाळूसारखं लागणारं. हा ब्रेकचा धुरळा. लोकांना वाटतं ही काजळी आहे, शाम्पूनं जाईल. त्यात पॅडचा चुरा असतोच पण डिस्कच्या बिडाच्या लोखंडाचे बारीक कणही असतात, आणि ते गरम असताना उडून चाकाच्या क्लिअर कोटमधे, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरात, रुततात, मग तिथेच गंजतात. कुंभार्ली घाट उतरताना काका सगळा वेळ ब्रेकवर होते, त्यांनीच सांगितलं, "खालच्या गिअरमधे गाडी फार ओरडते रे." तेव्हा घाटभर तापलेल्या ब्रेकचा धुरळा चाकांवर बसला, वरून चिखल, आणि सगळं मिळून आठवडाभर मुरलं.

यासाठी आयर्न रिमूव्हर. यातलं मुख्य औषध थायोग्लायकोलेट, केस कुरळे करायच्या आणि केस काढायच्या क्रीममधे असतं त्याच जातीचं, म्हणून वासही तसलाच, सडक्या अंड्याच्या जवळ जाणारा. हातात ग्लोव्हज आणि मोकळी हवा पाहिजेच. फवारला, मिनिटभरात चाकावर जांभळे ओघळ सुरू. लोखंडाशी त्याची गाठ पडली की असा रंग येतो. काका म्हणाले रक्तासारखं वाटतंय. पुढच्या दोन चाकांवर दोनदा मारावं लागलं, दोन्ही वेळेला तीन-चार मिनिटं ठेवून, वाळू न देता, मऊ ब्रश फिरवून धुतलं. मागच्या चाकांवर मात्र रंग अगदी पुसट, कारण या गाडीला मागे ड्रम ब्रेक आहेत, ड्रमचा बराचसा धुरळा ड्रमच्या आतच राहतो, शिवाय ब्रेक मारल्यावर गाडीचं वजन पुढे झुकतं त्यामुळे जास्त काम पुढच्याच ब्रेकना. एकाच गाडीची पुढची चाकं काळी आणि मागची साफ दिसली तर त्यात बिघाड काही नाही.

डांबराचे ठिपके राहिले होते, खास करून आतल्या बाजूला, रस्त्याचं काम चालू असलेल्या पट्ट्यातले. त्यांच्यावर टार रिमूव्हर कापडाला लावून अर्धा-एक मिनिट नुसतं दाबून धरायचं, घासायचं नाही, ठिपका विरघळून कापडावर येतो. रॉकेलनं पण निघतं, आमचे वडील तेच करायचे, पण रबराला रॉकेल-डिझेल लागू द्यायचं नाही. रबर त्यानं फुगतं आणि मऊ पडतं. आजही कित्येक ठिकाणी टायरला "पॉलिश" म्हणून डिझेलमधे जुनं इंजिन ऑइल कालवून फासतात, एक दिवस काळंभोर दिसतं आणि मग सगळी धूळ त्यावर येऊन बसते.

जुने वेट काढले, त्यांच्या चिकटपट्टीचा लगदा टार रिमूव्हरनंच निघाला. एका पट्टीखाली चक्क मातीचाच पातळ थर होता. म्हणजे ती आज ना उद्या पडलीच असती.

हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं खरवडून काढला. हे काम छोटं दिसतं पण तिथं गंजाची पापडी राहिली की चाक हबवर सपाट बसत नाही, जरा तिरकं बसतं, आणि मग बॅलन्स कितीही करा.

टायर

चहाच्या रंगाचं टायर म्हणजे माती नाही, किंवा नुसती माती नाही. रबराला हवेतला ओझोन चिरतो, म्हणून टायर बनवतानाच त्यात ओझोनपासून वाचवणारं एक रसायन घालतात, ते हळूहळू आतून वर येत राहतं, आणि हवेत आलं की तपकिरी पडतं. म्हणजे टायर आपलं काम करतोय त्याचाच तो रंग. घासून काढला तरी काही महिन्यात परत येणार. काकांना हे सांगितल्यावर त्यांना बरं वाटलं, ते टायर नकली आहेत असं समजून बसले होते.

टायरला ऑल पर्पज क्लीनर, एकास चार पाणी, आणि कडक ब्रश, चाकाच्या ब्रशपेक्षा वेगळा. पहिल्यांदा फेस कॉफीसारखा, दुसऱ्यांदा चहा, तिसऱ्यांदा पांढरट. फेस पांढरा येईस्तोवर थांबायचं नाही, कारण वरती ड्रेसिंग, म्हणजे टायर काळा दिसावा म्हणून लावतात ते, लावायचं असेल तर ते रबराला धरलं पाहिजे, जुन्या तेलकट थराला नाही. जुन्या थरावर लावलं की चालत्या गाडीत त्याचे थेंब उडून दारावर काळे ठिपके पडतात, लोक ड्रेसिंगला शिव्या देतात, चूक धुण्यात असते.

साफ झाल्यावर बाजूचं लिखाण वाचता आलं. चार आकडी तारीख ३४१९, म्हणजे २०१९ सालचा ३४ वा आठवडा, कंपनीतून गाडीबरोबर आलेलेच टायर, पाच वर्षांचे. बाजूला केसासारख्या बारीक चिरा सुरू झालेल्या, खोल नाहीत. खाचेतल्या निशाणीपर्यंत, म्हणजे १.६ मिलीमीटरपर्यंत, घासायला अजून बराच वेळ होता. मी काकांना म्हटलं झिजण्याआधी वयानं जातील हे टायर, तुमचं रनिंगच नाही.

पूर्ण वाळल्यावर पाण्याच्या बेसचं ड्रेसिंग, स्पंजावर थोडंसं घेऊन, दहा-पंधरा मिनिटांनी सुक्या फडक्यानं जास्तीचं पुसलं. चमकत नाही, नव्या टायरसारखं मॅट काळं दिसतं. रस्त्याला टेकणाऱ्या भागावर एक थेंबही नाही. आणि विषय निघालाच आहे तर, स्कूटर-मोटरसायकलच्या टायरला हे असलं काहीही लावू नका, वळणात गाडी कलली की टायरची कडच रस्त्याला टेकते.

जे धुऊन गेलं नाही

आता ते मेलेल्या माशाच्या डोळ्याचं. डायमंड कट चाक म्हणजे आधी पूर्ण चाक रंगवतात, मग लेथवर समोरचा पापुद्रा उतरवून उघडं चकचकीत अॅल्युमिनियम बाहेर काढतात आणि त्यावर फक्त पारदर्शक लाखेचा पातळ थर. रंगाचं संरक्षण नाही. दगड लागून लाखेला टोचा पडला की तिथून ओल आत शिरते आणि लाखेच्या खाली पांढऱ्या अळ्या रांगल्यासारख्या रेघा पसरायला लागतात. उजव्या पुढच्या चाकाच्या कडेला असे दोन टोचे होते आणि एकातून तीन सेंमीची पांढरी रेघ निघालेली.

त्यात ते बिनलेबलचं पाणी. ते नक्की काय होतं ते मी बघितलेलं नाही, पण वास, फेस, दहा मिनिटातली चमक आणि नटांवरचं सोललेलं क्रोम बघता अॅसिडच. अॅसिड धुरळा झटक्यात काढतं, म्हणून ते वापरतात, पण त्याला धुरळा आणि अॅल्युमिनियम यातला फरक कळत नाही. जिथे लाख शाबूत होती तिथे ती वरून धुरकट झाली, बारीक पॉलिशनं हातानं घासल्यावर साधारण निम्मी परत आली. जिथे टोचे होते तिथे अॅसिड खाली गेलं, तिथे धातूच पांढरा पडलाय. त्याला धुण्यात काही उपाय नाही. परत लेथवर घालून पापुद्रा काढायचा आणि नवीन लाख द्यायची, पण दर वेळी धातू कमी होतो, म्हणून ते एखाद-दुसऱ्या वेळेलाच करता येतं. किंवा मग चमक सोडायची आणि पूर्ण चाक एका रंगात पावडर कोट (रंगाची पावडर फवारून भट्टीत भाजतात ते). काका म्हणाले, "चमकीसाठीच तर टॉप मॉडेल घेतलं होतं." तो विषय तिथेच राहिला.

मी असतो तर पावडर कोट केला असता. आपल्याकडच्या पावसाला आणि कोकणातल्या गावाला डायमंड कट चाक हे पांढरं धोतर नेसून भात लावायला जाण्यासारखं आहे.

निकाल

चाकं लावली, नट आधी हातानं, मग एकाआड एक, मग टॉर्क रेंचनं, म्हणजे नट किती घट्ट झाला ते दाखवणाऱ्या पान्यानं, मॅन्युअलमधे दिलेल्या आकड्यापर्यंत. धुतल्यामुळे डिस्कवर पिवळसर गंज आला होता, बिडाची असते ती, येतोच, पार्किंगमधेच हळू चालवून चार-पाच वेळा ब्रेक दाबल्यावर गेला. ओल्या डिस्कवर सरळ रस्त्यावर जायचं नाही एवढंच. सगळं मिळून पावणेपाच तास लागले, तीन-चार म्हणालो होतो.

सोमवारी काकांबरोबर मी दुसऱ्या एका टायरवाल्याकडे गेलो, फक्त बॅलन्सिंग सांगितलं. तो आधी चाकाच्या आत बघून म्हणाला, "आतून कुणी धुतलंय?" मला उगाच बक्षीस मिळाल्यासारखं झालं. डावं पुढचं: आतून २० ग्रॅम, बाहेरून १०. याच चाकाला आधी ८५ लावले होते.

उजव्या पुढच्या चाकात मात्र गंमत निघाली. मशीनवर फिरताना रिमची आतली कड डोळ्याला दिसेल एवढी हलत होती. थोडीशी वाकलेली. कात्रजच्या खड्ड्यात की आणखी कुठल्या ते आता कोण सांगणार, पण माझ्याकडून ती निसटली होती, मी धुताना हात फिरवला होता आणि काही कळलं नाही. हवा गळत नव्हती, तडा नव्हता, दोघांनी टॉर्च मारून नीट बघितलं. टायरवाल्यानं ते चाक मागे टाकलं, मागचं पुढे आणलं. रिम सरळ करून मिळते पण अॅल्युमिनियम गरम करून ठोकणं मला आवडत नाही, आणि काकांना खर्च नको होता.

मग दोघं हायवेला गेलो, खेड शिवापूरपर्यंत. ८५, ९०, ९५. काकांनी दोन बोटांनी स्टिअरिंग धरून दाखवलं. शंभरच्या आसपास सीटखाली अगदी हलकं काहीतरी जाणवत होतं, ते त्या मागे टाकलेल्या वाकड्या रिमचं असणार, काका म्हणाले मी शंभरनं जातच नाही. लोअर आर्म आणि बुश काही बदलले नाहीत, जून २०२५ पर्यंत तरी बदलायची गरज पडलेली नाही.

वर्षभरात दोन-तीन गोष्टी बदलल्या. काकांनी गावच्या घरी विहिरीच्या पंपाला लावायला एक नळी नेऊन ठेवली आहे आणि आता पोचल्या पोचल्या, चिखल ओला असतानाच, चाकांच्या आतून पाणी मारतात, मग गाडी उभी करतात. घाटात गाडी ओरडली तरी खालचा गिअर टाकतात, असं काकू म्हणाल्या, काका म्हणाले नाहीत. वॉशिंग सेंटरला गेले तर चाकांना फक्त शाम्पू म्हणून सांगतात आणि समोर उभे राहतात.

त्या पांढऱ्या रेघेचा मी तेव्हा पट्टी लावून फोटो काढून ठेवला होता. ऑक्टोबरमधे तीन सेंमी. मार्चमधे साडेतीन, मधल्या काळात पावसाळा नसल्यामुळे फारशी हलली नव्हती. ऑगस्ट २०२५ मधे पाच सेंमीच्या थोडी पुढे आणि तिला बाजूला एक फाटा फुटलाय. दोन्ही टोच्यांवर मी पारदर्शक टचअप लाख लावली होती, दुसऱ्या टोच्यातून काही निघालेलं नाही, पण या पहिल्यात ओल आधीच आत होती, वरून झाकण लावून ती आतच कोंडली बहुतेक.